स्मृतिकोशाची प्रकृती

माणसाच्या सूचनेवरून स्वतः कामे करणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या प्रणालीस एजंट म्हणतात. मागील संभाषणांतील माहिती तो एका डेटाबेसमध्ये साठवितो; तोच त्याचा स्मृतिकोश होय. या कोशाची प्रकृती वेळोवेळी तपासावी लागते. साठा दूषित झाला आहे काय, अनुक्रमणिका व मूळ नोंदी यांचा मेळ बसतो काय, हे पाहणे सोपे. एस्क्यूलाइट या प्रचलित डेटाबेसमध्ये एका आज्ञेसरशी ही परीक्षा होते. दोष नसल्यास ‘ओके’ एवढेच उत्तर येते.

परंतु नोंद अभंग असूनही असत्य असू शकते. नवी दिल्लीत मुख्यालय असलेल्या आधार प्राधिकरणाने २०२५ साली मृत व्यक्तींचे २ कोटींहून अधिक क्रमांक निष्क्रिय केले. यंत्राच्या दृष्टीने त्या नोंदी निर्दोषच होत्या. माणसे मात्र हयात नव्हती. हे यंत्रास आपणहून कळावे कसे? भारताचे महानिबंधक, राज्ये इत्यादींच्या दप्तरांची साक्ष काढावी लागली.

एजंटचेही तसेच. मालकाने गाझियाबादहून नोएडास बिऱ्हाड हलविले, तरी जुना पत्ता कोशात राहतो आणि औषधे जुन्या दारी जातात. म्हणून प्रत्येक नोंदीस दिनांक जोडावा व परस्परविरुद्ध नोंदी मालकासच दाखवाव्यात. सरसकट पुसून टाकणेही धोक्याचे. हयात माणूस चुकून मृत ठरला, तर त्याचे रेशन अडते! यास्तव संशयित नोंद प्रथम बाजूस काढतात, आणि तिची प्रत जपून ठेवतात.