स्नूकरकडून पूलकडे : ॲलिसन फिशरची कारकीर्द

ॲलिसन फिशरने दोन वेगवेगळ्या खेळांत जगज्जेतेपद मिळवले. १९८५ ते १९९४ या काळात तिने महिलांची जागतिक स्नूकर स्पर्धा सात वेळा जिंकली. त्यानंतर ती इंग्लंड सोडून अमेरिकेत गेली आणि नाइन-बॉल पूलमध्ये १९९६, १९९७, १९९८ व २००१ अशी चार जागतिक विजेतेपदे तिने पटकावली. क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, हाती धरणाऱ्या स्त्रियांच्या इतिहासात एवढी मोठी दुहेरी कामगिरी क्वचितच आढळते. पण तिची कारकीर्द केवळ विजयांची यादी नाही. खेळाडूच्या अंगी अव्वल दर्जाचे कसब असले, तरी स्पर्धा, प्रायोजक आणि प्रक्षेपण यांची साथ नसेल तर त्या कसबावर पोट चालत नाही, हे या कारकिर्दीइतके स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही.

दूरचित्रवाणीवरचा खेळ

ॲलिसनचा जन्म २४ फेब्रुवारी १९६८ रोजी हर्टफर्डशर परगण्यातील चेझंट येथे झाला. तिचे बालपण मात्र ससेक्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील पीसहेवन या गावात गेले. सात वर्षांची असताना तिने दूरचित्रवाणीवर ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम पाहिला आणि तिला स्नूकरचे वेड लागले. बीबीसीने हा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू केला होता. रंगीत प्रक्षेपण तेव्हा नवे होते. लाल, पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा आणि पांढरा अशा रंगांच्या चेंडूंचा खेळ त्याची करामत दाखवायला अगदी सोयीचा होता. एका फ्रेमच्या, म्हणजे एकाच डावाच्या, या छोट्या सामन्यांनी स्नूकरला क्लबांच्या बंद खोल्यांतून घराघरांत नेले.

घरात बसून खेळ पाहायला मुलींना कुणाची आडकाठी नव्हती. क्लबात जाऊन खेळायचे म्हटले, की अडचण येई. ब्रिटनमधील कामगारांच्या अनेक क्लबांत स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नव्हते आणि स्नूकरच्या खोलीत पाऊल टाकायचीही मुभा नसे. वेकफील्ड येथील एका क्लबाने १९७८ मध्ये शीला कॅपस्टिक या महिलेला स्नूकर खेळण्यास मज्जाव केला. त्यातून समान हक्कांची मोहीम उभी राहिली. या क्लबांच्या मध्यवर्ती संघटनेने स्त्रियांना समान सभासदत्व दिले, तोवर २००७ साल उजाडले होते. ॲलिसनच्या पिढीच्या मुली खेळ शिकल्या त्या अशा वातावरणात.

महिलांची जागतिक स्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली आणि व्हेरा सेल्बी पहिली विजेती ठरली. १९८१ मध्ये मँडी फिशरच्या पुढाकाराने महिला खेळाडूंची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. आडनाव सारखे असले, तरी मँडी आणि ॲलिसन यांचे नाते नव्हते. या संघटनेमुळे महिलांना नियमित स्पर्धा मिळू लागल्या.

सात विजेतेपदे

स्नूकरचे टेबल साधारण बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा असे एकूण बावीस चेंडू त्यावर असतात. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर, तर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड जेमतेम साडेतीन इंच. शिवाय पॉकेटजवळ कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी काठांच्या, कडा गोलाकार वळलेल्या असतात. चेंडू कडेला किंचित जरी घासला, तरी तो पॉकेटच्या तोंडाशी थरथरून बाहेरच राहतो. कापडावर एका दिशेने बारीक लव असते. हळू मारलेला चेंडू त्या लवेमुळे वाट बदलतो. अशा टेबलावर आठ-दहा फुटांवरचा चेंडू पाडायचा, तर क्यू सरळ रेषेतच पुढे जायला हवा. त्यासाठी खेळाडू पुरता वाकतो, क्यू हनुवटीला टेकवतो आणि कोपरापासून खालचा हात लंबकासारखा हलवतो. खांदा हलला, डोके उचलले गेले, तर फटका वाया जातो. ॲलिसनचा खेळ याच शिस्तीत घडला. सरळ क्यू आणि अचूक नेम ही तिची आयुष्यभराची पुंजी ठरली.

पंधराव्या वर्षी तिने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि १९८५ मध्ये, सतराव्या वर्षी, ती जगज्जेती झाली. त्यानंतर १९८६, १९८८, १९८९, १९९१, १९९३ आणि १९९४ ही वर्षेही तिचीच होती. मैदान मोकळे होते म्हणून ही विजेतेपदे मिळाली, असे मात्र नाही. स्टेसी हिलियार्ड १९८४ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी जगज्जेती झाली होती. १९८५ मध्ये ११४ गुणांचा ब्रेक करून, म्हणजे एकाच पाळीत सलग तेवढे गुण मिळवून, स्पर्धेत शतकी ब्रेक नोंदवणारी ती पहिली महिला ठरली. १९८७ मध्ये ॲन-मरी फॅरनने आणि १९९० मध्ये उत्तर आयर्लंडच्या कॅरेन कॉरने जागतिक स्पर्धा जिंकली. या तिघींशी ॲलिसनची वर्षानुवर्षे गाठ पडत राहिली.

पुरुष खेळाडूंबरोबरही ती खेळली. १९९१ मध्ये बर्मिंगहॅम येथे झालेल्या वर्ल्ड मास्टर्समध्ये स्टीव्ह डेव्हिसच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर स्टीफन हेन्ड्री आणि स्टेसी हिलियार्ड ही जोडी होती. व्यावसायिक स्नूकरचे दार त्याच सुमारास सर्वांसाठी खुले झाले आणि शुल्क भरून नाव नोंदवणाऱ्या शेकडो खेळाडूंत ॲलिसनही दाखल झाली. आता पुरुष व्यावसायिकांविरुद्ध पात्रता फेऱ्यांत उतरता येत होते. पण तिथे एकेका जागेसाठी झुंबड होती आणि पहिल्या फेऱ्यांत हाती फारसे काही लागत नसे.

दिल्लीतील अखेरचा किताब

तिचे सातवे आणि शेवटचे जागतिक स्नूकर विजेतेपद भारतात आले. १९९४ ची स्पर्धा नवी दिल्लीत झाली. अंतिम सामन्यात ॲलिसनने हिलियार्डला ७-३ असे हरवले. स्नूकरचा उगमच भारतातला : १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडून हा खेळ रचला, असे मानले जाते. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. १९९५ ची महिलांची जागतिक स्पर्धाही नवी दिल्लीतच झाली आणि ती कॅरेन कॉरने जिंकली.

मान होता, मिळकत नव्हती

ॲलिसनने पहिले जागतिक विजेतेपद मिळवले त्याच वर्षी, एप्रिल १९८५ मध्ये, डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा जागतिक अंतिम सामना शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत रंगला. मध्यरात्र उलटून गेली, तरी ब्रिटनमधील सुमारे १ कोटी ८५ लाख प्रेक्षक दूरचित्रवाणीसमोर बसून होते. पुरुषांच्या स्नूकरमागे तंबाखू कंपन्यांचा पैसा होता. जागतिक स्पर्धा १९७६ पासून तीस वर्षे ‘एम्बसी’ या सिगारेटच्या नावाने ओळखली गेली. महिलांच्या वाट्याला या प्रक्षेपणातले आणि या पैशातले फार थोडे आले. सामने पडद्यावर दिसत नाहीत म्हणून प्रायोजक नाही, आणि प्रायोजक नाही म्हणून स्पर्धा लहान, असे हे दुष्टचक्र होते. सात वेळा जगज्जेती झालेल्या खेळाडूलाही केवळ स्नूकरवर निश्चिंत राहता येत नव्हते.

अमेरिकेत चित्र वेगळे होते. तिथल्या महिला व्यावसायिकांची संघटना, विमेन्स प्रोफेशनल बिलियर्ड असोसिएशन, १९७६ पासून काम करत होती. नव्वदच्या दशकात या संघटनेने स्वतःची स्पर्धामालिका उभी केली आणि ईएसपीएन वाहिनीवर तिचे सामने दिसू लागले. जीनेट ली, ईवा मताया लॉरन्स, लॉरी जॉन जोन्स, रॉबिन बेल डॉडसन, व्हिव्हियन व्हिलारियल ही नावे प्रेक्षकांना ओळखीची झाली. ऑक्टोबर १९९५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ॲलिसन अमेरिकेत पोहोचली.

नवे टेबल, नवे डावपेच

नाइन-बॉलचे टेबल नऊ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असते. चेंडू सुमारे ५७ मिलिमीटरचे, म्हणजे स्नूकरपेक्षा मोठे आणि जड. पॉकेटचे तोंड चेंडूच्या जवळजवळ दुप्पट आणि त्याच्या कडा सरळ कापलेल्या. कापडावर लव नसल्याने चेंडू वेगाने धावतो. स्नूकरचा क्यू बहुधा ॲश लाकडाचा आणि बारीक टोकाचा असतो. पूलचा क्यू मेपलचा आणि जाड टोकाचा. स्नूकरमध्ये मुरलेल्या खेळाडूला या टेबलावर चेंडू पाडणे त्यामानाने सोपे जाते.

खरी परीक्षा पुढे असते. एक ते नऊ क्रमांकांचे चेंडू चौकटीत मांडतात. पहिल्या जोरदार फटक्याने, म्हणजे ब्रेकने, ते विखुरतात. नंतर प्रत्येक वेळी टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाला आधी स्पर्श करणे बंधनकारक असते. नऊ क्रमांकाचा चेंडू नियमाप्रमाणे पाडणारा तो डाव, म्हणजे रॅक, जिंकतो. समजा, तीन क्रमांकाचा चेंडू सहज पडेल असा आहे आणि चार क्रमांकाचा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पाच-सहाच्या आड दडला आहे. तर तीन पाडताना पांढऱ्या चेंडूला फिरकी देऊन, दोन किंवा तीन कुशनांवर आपटवत, चार मोकळा दिसेल अशा जागी आणून थांबवावे लागते. स्नूकरमध्ये लाल चेंडूनंतर सहांपैकी कोणताही रंग निवडता येतो. इथे पुढचा चेंडू ठरलेलाच. फाउल झाला, तर प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हातात मिळतो आणि तो हवा तिथे ठेवता येतो. म्हणून एक चूक पुष्कळदा अख्ख्या रॅकची किंमत मागते.

ब्रेकचा जोर, कुशनवरून घ्यायचे फटके आणि आडव्या आलेल्या चेंडूवरून पांढरा चेंडू उडवण्याचे तंत्र ॲलिसनला नव्याने आत्मसात करावे लागले. नेम आणि सेफ्टीचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका मिळू न देण्याचे, डावपेच ती सोबत घेऊनच आली होती. सामना मोजक्या रॅकचा असे, तेव्हा सावरायला वेळ थोडा असे; तिथे तिचा संयम फार उपयोगी पडला. अमेरिकेतील पहिल्या काही स्पर्धांतच तिने विजेतेपद मिळवले आणि १९९६ मध्ये ती जगज्जेती झाली. सलग तीन वर्षे हा मान तिच्याकडेच राहिला. महिलांच्या अमेरिकी मालिकेत तिच्या नावावर पन्नासहून अधिक विजेतेपदे जमा झाली. तिच्या सौम्य वागण्याशी विसंगत असे ‘डचेस ऑफ डूम’ हे टोपणनाव तिला मिळाले आणि नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट हे शहर तिचे घर झाले.

मागोमाग आलेल्या खेळाडू

ॲलिसनने वाट दाखवल्यावर इतर ब्रिटिश खेळाडूही त्या वाटेने निघाल्या. तीन वेळा स्नूकरची जगज्जेती झालेली कॅरेन कॉर १९९८ च्या सुमारास अमेरिकेत आली आणि २००१ मध्ये तिने महिलांच्या मालिकेवर एकहाती वर्चस्व गाजवले. त्याच वर्षी जागतिक नाइन-बॉल मात्र ॲलिसनने जिंकले. १९९८ ते २००३ दरम्यान पाच वेळा स्नूकरची जगज्जेती झालेली यॉर्कशरची केली फिशर तिसरी. ॲलिसनशी तिचेही नाते नाही. २००३ मध्ये व्यावसायिक स्नूकरच्या नियामक संस्थेने महिलांच्या स्पर्धांचा आर्थिक आधार काढून घेतला. २००४ मध्ये महिलांची जागतिक स्पर्धा झालीच नाही आणि केलीही पूलकडे वळली. ब्रिटनने घडवलेल्या तीन अव्वल खेळाडूंच्या ऐन उमेदीचा लाभ असा अमेरिकी पूलला मिळाला.

अमेरिकी व्यवस्थाही कायम भक्कम राहिली नाही. २००८ च्या मंदीनंतर प्रायोजक आटले, दूरचित्रवाणीवरचे सामने कमी झाले आणि महिलांच्या मालिकेतील स्पर्धा मोजक्या उरल्या. दरम्यान आशियातील खेळाडूंनी जागतिक पूलमध्ये आघाडी घेतली होती. ॲलिसन तरीही खेळत आणि शिकवत राहिली. २००९ मध्ये अमेरिकेच्या बिलियर्ड काँग्रेसने तिला आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान दिले.

पुढचा टप्पा

महिलांचे स्नूकर पुन्हा उभे राहायला बराच काळ लागला. २००५ मध्ये रिॲन इव्हान्सने पहिले जागतिक विजेतेपद मिळवले आणि पुढे ही संख्या बारावर नेली. हाँगकाँगच्या एन्ग ऑन-यीने २०१७ मध्ये सिंगापूरला भारताच्या विद्या पिल्लईला ६-५ असे निसटते हरवून किताब परत मिळवला. २०२१ पासून महिलांच्या मालिकेतून मुख्य व्यावसायिक मालिकेत थेट प्रवेश मिळू लागला. इव्हान्स आणि एन्ग या त्याच्या पहिल्या मानकरी. शुल्क भरून शेकडोंच्या गर्दीत उभे राहणे आणि महिलांच्या स्पर्धांतील कामगिरीच्या बळावर दोन वर्षांचे हक्काचे स्थान मिळणे, यांत मोठे अंतर आहे. ॲलिसन फिशरला ऐन भरात असताना असे स्थान मिळाले नाही. ज्या देशाने तिला नियमित सामने, प्रेक्षक आणि मोबदला दिला, तिथे तिने दुसऱ्या खेळात जगज्जेतेपद मिळवून दाखवले. महिला खेळाडू घडवू पाहणाऱ्या कोणत्याही क्रीडासंस्थेने तिच्या कारकिर्दीतून हाच धडा घ्यायला हवा : गुणी खेळाडू हेरणे ही सुरुवात आहे, तिला वर्षभर पुरतील इतक्या स्पर्धा आणि त्यांतून जगता येईल इतकी मिळकत पुरवणे, हे खरे काम आहे.