पेटलेलं पाणी

लहानपणी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अंधाऱ्या रात्री लाट फुटली, की निळसर उजेड सांडायचा. दादी म्हणायची, “पाणी पेटलंय.” त्यावर मी कविताही लिहिली. मी बी.ए. झालेला माणूस. तो उजेड बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचा असतो, हे मला फार उशिरा कळलं.

हा एकपेशीय जीव मोहरीहूनही बारीक असतो. पाणी हललं की त्याच्या शरीरात रासायनिक क्रिया होऊन क्षणभर उजेड पडतो. त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न बनवून यजमानाला देतं. यजमान स्वतः शिकारही करतो, म्हणजे दोन्हीकडून जेवण!

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती फोफावत. त्यांची जागा हिरव्या नॉक्टिल्युकानं घेतली. कमी प्राणवायूचं पाणी वर येतं आणि त्या पाण्यात हे शेवाळ अधिक जोमानं अन्न बनवतं, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडला.

यात काळजीचं काय? डायटम सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना मासे खातात. नॉक्टिल्युका मात्र मुख्यतः जेलीफिशसारख्यांच्या तोंडी जातो. मासळीची साखळी तिथंच तुटते.

माझा मामेभाऊ मासेमारीला जातो. पाणी पेटलेलं दिसलं की मी खूश होतो, तो गप्प होतो. माझ्या जुन्या कवितेत त्याचं गप्प होणं नव्हतं.