अंधा युग (नाटक)

'अंधा युग' हे हिंदी साहित्यिक धर्मवीर भारती यांचे काव्यनाटक इ.स. १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून प्रभासक्षेत्री झालेल्या कृष्णाच्या मृत्यूपर्यंतचा काळ त्यात येतो. युद्ध संपल्यावरही न संपणारा सूड आणि त्याला थांबवू शकणारी क्षमा, हा या नाटकाचा गाभा आहे.

रचना

नाटकात पाच अंक असून आरंभी 'स्थापना', मध्ये 'अंतराल' आणि शेवटी 'समापन' आहे. दृश्ये कथागायनाने जोडलेली आहेत. राजवाड्यावर पहारा देणारे दोन प्रहरी हे सामान्य माणसांचे प्रतिनिधी आहेत. राज्य कोणाचेही आले तरी त्यांच्या जगण्यात फरक पडत नाही.

सूडाचा उगम

द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावे म्हणून अश्वत्थामा मारला गेल्याचे युधिष्ठिर सांगतो. मेला तो हत्ती, हे मात्र त्यांना नीट ऐकू जात नाही. निःशस्त्र झालेल्या द्रोणांचा धृष्टद्युम्न वध करतो. या अर्धसत्याने आपल्यातील कोमल ते सारे मारले, अशी अश्वत्थाम्याची भावना होते. दुसऱ्या अंकाचे नावच 'पशू का उदय' असे आहे. कौरवांच्या विजयाचे भविष्य वर्तवणारा वृद्ध याचक हा त्याचा पहिला बळी ठरतो. त्या म्हाताऱ्याचा द्रोणवधाशी काहीही संबंध नसतो. सूड एकदा सुरू झाला की अपराधी आणि निरपराध हा भेद उरत नाही, हे येथे स्पष्ट होते.

झोपलेल्या कावळ्यावर झडप घालणारे घुबड पाहून अश्वत्थाम्याला रात्रीच्या हल्ल्याची कल्पना सुचते. धृष्टद्युम्न आणि द्रौपदीचे पाच पुत्र झोपेतच मारले जातात. पुढे तो ब्रह्मास्त्र सोडतो. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि अस्त्र उत्तरेच्या गर्भावर वळते. या अस्त्राचे परिणाम पुढच्या पिढ्यांना भोगावे लागतील, असा इशारा व्यास देतात. दुसऱ्या महायुद्धातील अणुबॉम्बनंतर लिहिलेल्या नाटकात या प्रसंगाला वेगळे वजन येते.

शाप आणि स्वीकार

पुत्रशोकाने पोळलेली गांधारी कृष्णाला शाप देते. महाभारताच्या स्त्रीपर्वात यादवांचा नाश अटळच आहे, अशा अर्थाचे उत्तर कृष्ण देतो. भारतींचा कृष्ण तो शाप मातेने दिलेला म्हणून स्वीकारतो. अठरा दिवसांत रणात पडलेल्या प्रत्येक सैनिकाच्या रूपाने आपणच मरत होतो, अशी त्याची भूमिका आहे. प्रतिकार न झाल्यामुळे गांधारीचा क्रोध ओसरतो आणि तिला रडू कोसळते. अपराध्याला शिक्षा माफ करणे एवढाच क्षमेचा अर्थ येथे नाही. दुसऱ्याची वेदना स्वतःवर घेणे, असा तो आहे.

समापनात हाच अर्थ पूर्ण होतो. कृष्णाला बाण मारणारा जरा नावाचा व्याध हा अश्वत्थाम्याने मारलेला वृद्ध याचकच असतो. कृष्णाची जखम पाहताना आपल्या जखमांच्या वेदना शमल्याचे अश्वत्थाम्याला जाणवते आणि कृष्णाचा द्वेष करणाऱ्या त्याच्या मनात प्रथमच श्रद्धा निर्माण होते.

युयुत्सूचा प्रश्न

नाटक हा तोडगा सहज मान्य करत नाही. धृतराष्ट्राचा पुत्र असूनही युयुत्सू सत्यासाठी पांडवांच्या बाजूने लढतो. युद्धानंतर आई त्याला झिडकारते, प्रजा दगड मारते आणि त्याच्याच अस्त्राने जायबंदी झालेला मुका भिकारी त्याला ओळखून दूर सरतो. शेवटी तो आत्महत्या करतो. समापनात त्याचा प्रेतात्मा कृष्णाच्या मृत्यूच्या अर्थावर शंका घेतो. क्रूरकर्मा अश्वत्थाम्याला श्रद्धा लाभते, पण सत्याची बाजू घेणाऱ्या युयुत्सूला ना माया मिळते ना शांती. ही विसंगती नाटककाराने मिटवलेली नाही.

अन्य परंपरेशी तुलना

याच प्रसंगात क्षमेची दुसरी परंपरा भागवत पुराणाच्या पहिल्या स्कंधात आढळते. तेथे अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून आणतो, तेव्हा आपल्यासारखा पुत्रशोक त्याच्या आईला होऊ नये म्हणून द्रौपदी त्याला सोडण्यास सांगते. महाभारताच्या सौप्तिकपर्वातील द्रौपदी मात्र त्याच्या वधासाठी हट्ट धरते आणि अखेर त्याच्या मस्तकावरील मण्यावर समाधान मानते. भारतींनी क्षमेचे केंद्र द्रौपदीऐवजी कृष्णाकडे नेले आहे.

रंगभूमी

सत्यदेव दुबे यांनी इ.स. १९६२ मध्ये हे नाटक मुंबईत सादर केले. इब्राहिम अल्काझी यांनी इ.स. १९६३ मध्ये दिल्लीतील फिरोजशाह कोटलाच्या भग्न अवशेषांत त्याचा प्रयोग केला. इ.स. १९६० पासून भारती स्वतः मुंबईत 'धर्मयुग' साप्ताहिकाचे संपादक होते.