कच्च्या कैद्याची तारीख

निजामाचा तुरुंग भोगून आलेल्याला मराठवाड्याने कधी गुन्हेगार म्हटले नाही. स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहात आत गेले, १५ ऑगस्ट १९४७ ला पुन्हा गेले. आपण आत का आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि गावालाही. मन शाबूत राहायला एवढा आधार पुष्कळ होतो. आज देगलूर तालुक्यातला एखादा सालगडी मारामारीच्या गुन्ह्यात नांदेडच्या कारागृहात जातो, तेव्हा त्याच्यापाशी नेमका हाच आधार नसतो.

अद्दल, धाक, समाजाचे रक्षण, सुधारणा असे शिक्षेचे हेतू सांगितले जातात. राज्याच्या कारागृह विभागाचे ब्रीदही 'सुधारणा व पुनर्वसन' असेच. पण २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हाच शाबीत नाही, त्यांना अद्दल कशाची घडवायची?

पक्का कैदी दिवस मोजतो, कच्चा कैदी तारखा. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. पोलीस बंदोबस्तात अडकले, पुढची तारीख. घरची माणसे मजुरी बुडवून नरसी, नायगाव करत ऐंशीएक किलोमीटर एसटीने मुलाखतीला येतात. आधार कार्ड दाखवा, नाव नोंदवा, नंबर येईपर्यंत थांबा. मग घटकाभर बोलणे, तेही एकच : जामिनाचं काय झालं?

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड क्लेमर याने १९४० सालीच दाखवले, की कैदी हळूहळू तुरुंगाच्या रीतीभातींत मुरतो. ग्रेशॅम साइक्सने १९५८ मध्ये पुढचे सांगितले : स्वातंत्र्याबरोबर माणसाची मर्जीही जाते. उठायचे कधी, जेवायचे कधी, दिवा कधी मालवायचा, सगळे दुसरा ठरवतो. अशा माणसाला सुटल्यावर साधा निर्णय घेणेही जड गेले, तर नवल नाही.

दुसरी वाट आपल्याकडेच निघाली होती. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत भिंती नव्हत्या. कैदी शेती करत. त्यावरून सुचलेला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट आपण डोक्यावर घेतला, धडा मात्र बेताचाच घेतला. मराठवाड्यात पैठणला खुले कारागृह आहे. पण तिथे जायचे तर आधी शिक्षा व्हावी लागते! निर्दोष ठरू शकणारा माणूस बराकीतच राहतो.

जामीन मंजूर होऊनही काही जण सुटत नाहीत. जामीनदाराचा सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो; भूमिहीनाने तो कुठून आणायचा? गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडायचे असते. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत.

तुमच्या गावातले कोणी असे अडकले असेल, तर घरच्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. कोठडीत असलेल्या कोणालाही १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.