गुळाचा खरा रंग

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरात एक लहानसे महाभारत घडले. निमित्त गुळाचे! दौंड तालुक्यातल्या मामेभावाने पाठविलेली ढेप सौभाग्यवतींनी उघडली, क्षणभर निरखली आणि विचारले, "अहो, हा गूळ जळलाय की काय? अनारशांना असला काळा गूळ घालू?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. गुळावरच्या म्हणी मला पाठ. गुळाचे शास्त्र मात्र शून्य! तेव्हा रविवारी दौंडची गाडी धरली आणि केडगावला उतरलो.

केडगाव, यवत, खुटबाव हा सारा मुलूख उसाचा आणि गुऱ्हाळांचा. येथे वाट विचारावी लागत नाही. उकळत्या रसाचा वासच तुम्हांला बोट धरून नेतो. मामेभाऊ काहिलीपाशीच उभा होता. माझी तक्रार ऐकून तो हसला. "दादा, आधी बघ, मग वहिनींना सांग."

मी पाहिले. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो. त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घातला की मळी वर येते. ती झाऱ्याने काढून टाकायची. चुलवाणात जळण वाळलेल्या चिपाडांचे. पूर्वी पाक झाला की नाही हे गुळव्या नजरेने ओळखी. आता काहिलीत तापमापक बुडवितात. १०५-१०६ अंशांवर उतरविली तर काकवी, ११८च्या आसपास उतरविली तर ढेप. एक टन उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो.

"आणि पिवळा रंग?"

"तो हायड्रॉस पावडरीचा. आम्ही ती घालत नाही. भांडण झालं ते त्याच्यावरूनच."

भांडणाची हकिकत त्याने चहाबरोबर सांगितली. पूर्वी हे सारे शेतकरी उभा ऊस विकीत आणि समोरचा सांगेल तो भाव घेत. मग शेजारपाजारच्या वीसएक जणांनी गट केला आणि गटातून शेतकरी उत्पादक कंपनी काढली. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहा किंवा अधिक उत्पादकांना अशी कंपनी काढता येते. भाग कितीही असोत, मत माणशी एकच. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच वाटेचे हे धाकटे भावंड म्हणावे.

गटातली दोन मुले गुळाचे शिक्षण घेऊन आली. शेड, काहील, वड्यांचे साचे यांसाठी पैसे उभे राहिले. माझ्या भावजयीच्या पाटल्या तारण गेल्या. पहिला हंगाम निघाला, आणि बाजारात या तपकिरी गुळाला पिवळ्यापेक्षा कमी भाव आला! सभेत निम्मे लोक म्हणू लागले, "चिमूटभर पावडरीनं काय होतंय? पुण्याच्या लोकांना पिवळाच लागतो."

भावजय आतापर्यंत गप्प होती. तिने एवढेच विचारले, "आपापल्या घरी खायला कोणती ढेप ठेवलीय, ते सांगा."

कोणी बोलेना. प्रत्येकाच्या घरी तपकिरीच होती. मते घेतली, आणि दोन मतांनी पावडर हरली.

तेव्हापासून मोठ्या ढेपांऐवजी किलोच्या वड्या, गूळ पावडर आणि बाटलीतली काकवी असा माल पुण्याच्या सोसायट्यांत थेट जातो. दर शनिवारी हिशेबाची वही सर्वांसमोर मोठ्याने वाचतात. मला वाटते, यंत्रापेक्षा या वहीनेच गट टिकविला आहे.

भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यात हीच कथा कांद्याची. भावजयीच्या माहेरच्या बायकांचा गट आहे. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे 'भीमा किरण' आणि 'भीमा शक्ती' हे वाण हवेशीर चाळीत महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पडत्या भावात घाईने विकावे लागत नाही. काही कांदा कापून वाळवितात. पण आठ-दहा किलो कांद्याचे किलोभर काप होतात. गिऱ्हाईक आधी ठरलेले नसेल तर मेहनत पाण्यात. प्रक्रिया म्हणजे जादूची कांडी नव्हे, हे त्या बाया आपल्यापेक्षा चांगले जाणतात.

निघताना मी भीतभीतच विचारले, "वहिनी, पाटल्या सुटल्या का?"

"एक सुटली, भाऊजी. दुसरी या दिवाळीला नाही सुटायची. पण सुटेल."

घरी येऊन सारे सांगितले. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. मुकाट्याने गूळ किसायला बसल्या. अनारसे नेहमीपेक्षा सावळे झाले. फराळाला आलेल्या शेजारणीने विचारलेच, "रंग असा का हो?"

"गुळाचा खरा रंग हाच असतो," सौभाग्यवती ठसक्यात म्हणाल्या, "तुम्हांलाही मागवू का?"

वाचकहो, यंदा आमच्या इमारतीतून अकरा घरांची मागणी गेली आहे. दुसरी पाटली सुटायला तेवढ्याने पुरेल असे नाही. पण ती सुटण्याची वाट तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरातून जाते, एवढे मात्र मला पटले आहे.