कचऱ्याच्या कंत्राटातली वेठबिगारी

वेठबिगारी म्हटलं की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जुन्या माणसांना जमीनदाराची फुकट नांगरणी आठवते, नाहीतर साहेबाचा दौरा आला म्हणून गावाने वाहिलेलं सामान. जमीनदारी 1951 मध्ये गेली आणि साहेबही आता जीपने येतात. पण माणसाला कामाला जखडून ठेवण्याची कला काही गेली नाही. ती कंत्राटात शिरली. जिथे काम सकाळी अंधारात होतं, करणारे गरीब असतात आणि काम उरकलं की कुणी मागे वळून बघत नाही, अशा कंत्राटात तर ती हमखास शिरते. शहराचा कचरा उचलण्याचं कंत्राट हे त्यातलंच एक.

साखळी किती लांब आहे

नगरपालिका किंवा महानगरपालिका निविदा काढते आणि ती कंपनीला मिळते. कंपनी गाड्या एकाकडून भाड्याने घेते, माणसं दुसऱ्याकडून. माणसं पुरवणारा ती मुकादमाकडून घेतो आणि मुकादम आपल्या ओळखीच्या गावातून. गणवेश, हातमोजे, गमबूट कुठेतरी शिवले-बनवले जातात. कचरा उचलल्यावरही साखळी संपत नाही. प्लास्टिक, पुठ्ठा, लोखंड भंगारवाल्याकडे जातं, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि मग कारखान्यात.

कंपनीच्या कार्यालयात यातलं पहिलंच पाऊल दिसतं. ‘आमच्याकडे सगळे कामगार रीतसर आहेत’ असं व्यवस्थापक सांगतो तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो, त्याला खालचं माहीतच नसतं. आणि माहीत नसणं सोयीचंही असतं.

कायद्याने वेठबिगार कोण

संविधानाच्या 23व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, बेगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी घातली आहे. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. साखळदंड, कुलूप किंवा मारहाण असलीच पाहिजे, असं काही नाही. उचल दिली आणि तिच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य गेलं, तर ती वेठबिगारी.

याच व्याख्येत एक कमी वाचला जाणारा भाग आहे. आपल्या कष्टाची वस्तू बाजारभावाने विकण्याचा हक्क उचलीपायी गेला, तरीही तो माणूस वेठबिगार ठरू शकतो. आता हे भंगाराला लावून बघा. कचरा वेचणाऱ्या बाईला भंगारवाला अडीनडीला काही हजार देतो. त्या दिवसापासून तिचा माल त्याच्याच काट्यावर जातो, दर तोच ठरवतो आणि कर्ज फिटलं की नाही हेही तोच सांगतो. याला गावात कुणी वेठबिगारी म्हणत नाही, ‘शेठचं देणं आहे’ म्हणतात.

1982 मध्ये एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणूस राबत असेल तर तो पोटाच्या सक्तीनेच राबतो, म्हणून तीही 23व्या अनुच्छेदातली सक्तीची मजुरी, असा तो निकाल आहे. कचरा कंपन्यांच्या कायदा सल्लागारांनी निदान एवढा एक निकाल तरी वाचलेला असावा.

उचल कशी चढते

या दोन जिल्ह्यांतला बराचसा भाग एकपिकी आहे. धान निघालं की हाताला काम नाही. मग जानेवारीपासून गाड्या भरभरून माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, मे महिन्यात तेंदूपान आणि पाऊस लागला की पुन्हा धानाची रोवणी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मिरची तोडायला गेलेले हजारो मजूर तेलंगणात अडकले. किती माणसं जातात, हे तेव्हा कुठे बाहेरच्यांना कळलं.

असं हंगामी जगणाऱ्या घरात आजारपण, लग्न किंवा मरण आलं की पैसा मुकादमाकडूनच येतो. बँकेपेक्षा तो बरा वाटतो, कारण तो कागद मागत नाही. पण कागद नाही म्हणूनच हिशेबही नाही. मुकादमाच्या वहीतला आकडा फेडणाऱ्याला वाचता येत नाही आणि वाचता आला तरी बोलता येत नाही. शहरात कचऱ्याच्या कामाला आणलेल्या जोडप्याचं तर खोलीभाडं आणि किराणाही याच वहीत चढतो. बायकोची मजुरी अनेकदा नवऱ्याच्या नावावर लागते, म्हणजे तिचं कामच कागदावर नसतं. जंगलातल्या गावातला माणूस शहराच्या कडेला एका खोलीत, मुकादमाच्याच भाड्यावर राहू लागला की काम सोडणं म्हणजे छप्पर सोडणं होतं.

पगारपत्रक वाचताना

चौकशी करायची असेल तर भाषणं नकोत, एका कामगाराचं पगारपत्रक हातात घ्यावं. त्यावर पहिला रकाना हजेरीचा असतो. गाडी रविवारीही फिरते, पण पत्रकावर दिवस 26 च. बाकीचे कुठे गेले, हे विचारावं. मग मूळ वेतन आणि विशेष भत्ता. पुढे कपाती. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के आणि राज्य कामगार विम्याचे 0.75 टक्के, इथपर्यंत ठीक. त्यातही कापलेले पैसे खरोखर भरले का, हे कामगाराच्या निधी खात्याच्या यूएएन क्रमांकावर तपासता येतं. खरी गोम त्यापुढच्या रकान्यांत असते: ‘गणवेश’, ‘अनामत’, ‘गाडी नुकसान’, ‘इतर’. गणवेश, हातमोजे, बूट, रेनकोट आणि मास्क कामगाराला पुरवायचे, हे 2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. त्याची किंमत त्याच्याच पगारातून कापली जात असेल, तर उरलेलं पत्रक आणखी बारकाईने वाचावं.

आणि हे सगळं जुळलं तरी काम संपलं नाही. पगार पूर्ण खात्यावर जमा होतो आणि त्याच दिवशी त्यातला हिस्सा रोखीने मुकादमाकडे परत जातो, ही कंत्राटी कामातली जुनी युक्ती आहे. एटीएम कार्ड आणि पासबुकच मुकादमाकडे असेल, तर परत मागण्याचीही गरज पडत नाही. इंग्लंडमध्ये हेच झालं. वेस्ट मिडलँड्समध्ये पोलंडहून फसवून आणलेल्या 400 हून अधिक लोकांना एका टोळीने शेतांवर, गोदामांत आणि कचरा पुनर्वापर केंद्रांत राबवलं, त्यांच्या नावाने बँक खाती उघडली आणि पैसे स्वतः काढले. 2019 मध्ये टोळीतल्या लोकांना शिक्षा झाल्या. तिथे 2015 पासून आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा आहे आणि मोठ्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन छापावं लागतं. निवेदनाने खातं कुणाच्या ताब्यात आहे ते कळत नाही.

मुंबईचा धडा

मुंबई महापालिकेने बरीच वर्षं कचरा उचलण्याची कामं अशा छोट्या संस्थांना वाटली की एकेकीकडे वीसपेक्षा कमी माणसं राहावीत. वीसचा आकडा गाठला की कंत्राटी कामगार कायदा लागू होत असे. कागदावर हे लोक कामगार नव्हते, ‘स्वयंसेवक’ होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई वर्षानुवर्षं न्यायालयांत लढवली आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यातले काही तोवर हयात नव्हते.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कंत्राटी कामगारांसाठीचा आकडा आता 50 आहे. म्हणजे तुकडे पाडायला जागा वाढली. मात्र त्याच संहितांनी मुख्य कामात, काही अपवाद सोडता, कंत्राटी कामगार लावायला मनाई केली आहे. सफाई आणि कचरा गोळा करणं हे, आस्थापना त्यासाठीच उभी नसेल तर, मुख्य काम धरलं जात नाही. कारखान्याच्या बाबतीत हे समजू शकतं. कचरा कंपनीचं मात्र दुसरं काम तरी काय आहे? तिने खाली पोटकंत्राटदार नेमण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

तेंदूच्या फडीवर

उपाय शोधायला या जिल्ह्यांनी बाहेर बघायची गरज नाही. तेंदूपानाचा पुडा 70 पानांचा. संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, कंत्राटदाराचा मुन्शी पुडे मोजून घेई, पान बारीक, फाटकं म्हणून काही बाजूला टाकी, शेकड्यावर वरकड पुडेही मागे. पान तोडणाऱ्या बाईने भांडायचं कुणाशी? माप त्याचं, वही त्याची आणि पैसेही त्याच्याच हातून येणार.

2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू गौण वनोपजात आले. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः केला. सगळं गोड झालं असं नाही. काही ग्रामसभांचे पैसे व्यापाऱ्यांकडे अडकले. पण मोजमाप आणि हिशेब गावासमोर आला आणि मुन्शीची मक्तेदारी ढिली झाली. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि तिचे सभासद घराघरातून शुल्क थेट घेतात. दोन्हीकडे सूत्र एकच आहे: पैसा आणि माप मधल्या माणसाच्या हातून काढून घेणं.

कंपनीने आणि पालिकेने करायचं काय

पहिलं म्हणजे निविदेचा दर. किमान वेतन, निधी, विमा, सुट्ट्या आणि साहित्य धरून जो खर्च होतो, त्याच्या खालची बोली आली तर ती नाकारावी. स्वस्त बोलीची भरपाई कुणीतरी करतंच, आणि तो कंत्राटदार नसतो.

पोटकंत्राटदारांची नावं लेखी घ्यावीत, त्यांच्या खालच्या मुकादमांचीही. भरती करताना मजुराकडून एक पैसा घ्यायचा नाही, अडचणीला उचल द्यायची तर कंपनीने द्यावी, बिनव्याजी, पावतीसह आणि कामाशी न बांधता. मूळ कागदपत्रं आणि कार्डं कुणाच्याही ताब्यात नकोत. चौकशी मुकादमासमोर करू नये. गोंडी, माडिया किंवा तेलुगू बोलणाऱ्याला विचारायला त्याची भाषा जाणणारं माणूस न्यावं, शक्यतो बाई. भंगाराच्या दुकानांनाही भेट द्यावी आणि तिथे चौदाच्या आतलं मूल वर्गीकरण करताना दिसलं तर पाहिलं न पाहिलं करू नये.

कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि कंत्राटदाराच्या बिलातून वसूल करायचा, ही तरतूद जुन्या कायद्यातही होती, नव्यातही आहे. पालिकेने बिल अडवून ती एकदा वापरून दाखवली तरी बाकीचे कंत्राटदार शहाणे होतील.

वेठबिगार सापडला तर

ओळख पटवण्याचा आणि मुक्तता प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हाधिकारी व उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असायलाच हवी. कर्ज वेठबिगारीचं नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते, मजुरावर नाही. मुक्त झालेल्याचं ते कर्ज रद्द होतं आणि केंद्राच्या 2016 च्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व बालकांना 2 लाख, अत्यंत वाईट प्रकरणांत 3 लाख रुपयांपर्यंत मदत आहे. कंपनीने अशा वेळी त्या माणसाला कामावरून काढून हात झटकणं हा सर्वांत वाईट मार्ग. तो पुन्हा त्याच मुकादमाकडे जातो.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. तेव्हा आठ तारखेला तुमच्या दारात घंटागाडी आली की गाडीवरच्या भाऊंना किंवा ताईंना दोनच गोष्टी विचारा: पगार झाला का, आणि एटीएम कार्ड कुणाकडे असतं?