लिलावाच्या तारखांवर चालणारी नोकरी

भारतातल्या खासगी क्रीडा प्रक्षेपणाची सुरुवात एका भांडणातून झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये हीरो कपचे सामने कुणी दाखवायचे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन न्यायालयात गेले. संघटनेने नेमलेल्या टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीची यंत्रसामग्री मुंबईच्या कस्टम्सने अडवून ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि सहकारी न्यायमूर्तींनी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला की प्रसारणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने या निकालाची भरपूर चर्चा झाली, पण नोकरीच्या अंगाने फारशी होत नाही. दूरदर्शनच्या कायम सेवेतल्या कॅमेरामनला मॅच असो वा नसो, पगार मिळत होता. खासगी वाहिनीची सगळी मदार हातातल्या हक्कांवर, आणि हक्क ठरावीक वर्षांचे. म्हणून गेल्या तीस वर्षांचा हिशेब मांडला तर मला असे दिसते की, मोठ्या क्रीडा वाहिनीत काम करणाऱ्याचे भवितव्य त्याच्या कसबापेक्षा भारतीय क्रिकेट मंडळाच्या लिलावाने अधिक ठरवले.

आकडेच पाहा. २००८ साली आयपीएलचे दहा वर्षांचे हक्क सोनी आणि वर्ल्ड स्पोर्ट ग्रुप (डब्ल्यूएसजी) यांनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतले, तेव्हा लोकांनी डोळे विस्फारले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये स्टारने केवळ पाच वर्षांसाठी १६,३४७.५ कोटी रुपये मोजले. जून २०२२ च्या लिलावात पुढच्या पाच वर्षांची किंमत ४८,३९० कोटींवर गेली. टीव्ही स्टारकडे राहिला, डिजिटल व्हायाकॉम१८ कडे गेले. हा खर्च एकदा मान्य केला की त्यात काटछाट करता येत नाही. काटछाट होते ती माणसांत आणि त्यांच्या प्रवासात. त्यामुळे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या, प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनमधले बरेचसे काम आज रोजाच्या मोबदल्यावर चालते. रिप्लेवर बसलेल्या माणसाला पुढचा चेंडू पडायच्या आत आधीचा चेंडू योग्य कोनातून काढून द्यावा लागतो. ही नजर तयार व्हायला वर्षे जातात, पण तिची किंमत सामन्यांच्या दिवसांवर मोजली जाते. आणि हक्क गेले तर वाहिनीसुद्धा उरत नाही. डिसेंबर २०११ मध्ये मंडळाने मायदेशातल्या सामन्यांच्या हक्कांचा निंबस कंपनीशी असलेला करार मोडला, पुढे २०१२ मध्ये स्टारने ते हक्क ३,८५१ कोटींना घेतले, आणि निंबसच्या निओ वाहिनीची रयाच गेली.

यावर सांगितले जाते की हक्क हलले तर माणसेही हलतात. क्षेत्र लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, नव्या मालकालाही हेच हात लागतात. बोली लावणारे तीन-चार होते तोवर हे खरे होते. स्टार आणि व्हायाकॉम१८ यांचे विलीनीकरण १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झाले आणि आयपीएलचा टीव्ही व डिजिटल असा दोन्ही कारभार एका छताखाली आला. आता एका दारातून बाहेर पडलेल्याने दुसरे दार कोणते ठोठावायचे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कामे वाढली. २०२३ मध्ये व्हायाकॉम१८ च्या जिओसिनेमाने आयपीएल बारा भाषांत ऐकवले, त्यांत मराठी होती. रेडिओवर बाळ ज. पंडितांनी समालोचनाची जी भाषा घडवली तिला मोबाइलवर जागा मिळाली, ही गोष्ट छोटी नाही. काम घरूनही होऊ शकते हे दिसले: २०२० च्या जुलैत दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियनच्या एका सामन्याचे समालोचन इरफान पठाण, दीप दासगुप्ता आणि संजय मांजरेकर यांनी आपापल्या घरून केले. घरदार सोडून महिनोन्‌महिने फिरण्याची सक्ती त्यातून कमी होऊ शकते, हेही मान्य. पण आयपीएलचा हंगाम दोनेक महिन्यांचा. उरलेल्या दहा महिन्यांत मराठी समालोचकाला कोण बोलावते? शिवाय मैदानापासून लांब, पडद्याकडे पाहून बोलणाऱ्याला क्षेत्ररक्षक कुठे सरकला ते कॅमेरा दाखवील तेवढेच कळते.

माइक हातात असलेले प्रसिद्ध लोक तरी सुरक्षित आहेत, असे वाटेल. तसेही नाही. मायदेशातल्या सामन्यांचे चित्रीकरण मंडळ स्वतः करून घेते, समालोचक तेच नेमते. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले बाहेर झाले, कारण जाहीर झाले नाही. मार्च २०२० मध्ये मांजरेकर मंडळाच्या यादीतून वगळले गेले. एवढ्या नावाजलेल्यांची ही गत, तर केबल ओढणाऱ्याने कुणाकडे दाद मागावी?

आयपीएलचे सध्याचे हक्क २०२७ च्या हंगामापर्यंत आहेत. त्यानंतरच्या लिलावात किती बोली लागतात याकडे मंडळाइतकेच या कामगारांचेही लक्ष असेल, फरक इतकाच की तिथे त्यांच्या वतीने बोलणारे कुणी नसेल.